रोजचा फोन आणि न सांगितलेला निकाल

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात)

मी तेवीस वर्षांची, डिचोली तालुक्यातली. इंजिनिअरिंग गोव्यात केलं आणि आता जर्मनीत मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. घरचे रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करतात. आई विचारते, "जेवलें गो?" इथे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, रात्रीचं जेवण व्हायचं असतं, तरी मी "जेवलें" म्हणते. मग हवामान, मग आजीला हात दाखवायचा. मागून बाबा विचारतात अभ्यास कसा चाललाय, मी म्हणते बरा. पाच मिनिटांत कॉल संपतो.

फेब्रुवारीच्या परीक्षेत मी एका विषयात नापास झाले. घरी सांगितलं आहे की निकाल यायचाय. आठवड्यातून दोन संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरण्याचं काम करते, घरी मात्र 'युनिव्हर्सिटीतच मदतनीस आहे' असं सांगितलंय. शिक्षणाचं कर्ज बाबांच्या सहीवर आहे. आणि सगळ्यात अपराधी वाटतं ते याचं, की मला इथलं एकटं राहणं आवडायला लागलंय. सांगण्यासारखं रोज काही घडतही नाही. कॉल आठवड्यातून एकदाच करूया असं घरी म्हणावं का? मी घरापासून तुटत चालले आहे का? आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी यायचं म्हणजे पुन्हा बाबांचाच खर्च, मग येऊ की नको?

उत्तर

तुझं पत्र मी वाचकांसाठी बरंच छाटलं. जे छाटलं तेच मला सगळ्यात जास्त आवडलं, म्हणून त्यातलं थोडं इथे घेते.

तू लिहिलंस की हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात एशियन दुकानातल्या बर्फातल्या बांगड्यांचं हुमण (माशांची आमटी) केलंस, घरून नेलेली तेफळं घालून. शेजारच्या खोलीतल्या मुलीने हे काय म्हणून एक तेफळ तोंडात टाकलं, जीभ बधिर झाली तशी घाबरली आणि तुला विचारत राहिली की डॉक्टरकडे जाऊ का. तू लिहिलंस की पाऊस पडतोय हे तुला खाली रस्त्यावर छत्र्या दिसल्या तेव्हा कळलं, कारण दुहेरी काचांतून आवाजच आत येत नाही, आणि मग आपल्या कौलांवरचा पाऊस किती आवाज करायचा हे आठवलं. ब्राझीलहून आलेला आंबा दुकानात उचलून नाकाशी धरलास, वास काहीच नव्हता, तरी खाली ठेववेना. घरी त्याच आठवड्यात मानकुराद उतरवायला सुरुवात झाली होती.

हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी तू लिहितेस, "सांगण्यासारखं काही घडतच नाही." मला हे पटत नाही. सांगण्यासारखं तुझ्याकडे भरपूर आहे. फक्त ते मला, एका अनोळखी बाईला, लिहिलंस, आईला नाही सांगितलंस. तेफळ चावलेल्या त्या मुलीची गोष्ट ऐकून तुझी आई पोट धरून हसेल. ती गोष्ट तिच्यापर्यंत पोचलेली नाही, आणि तू म्हणतेस ते तुटलेपण मला वाटतं इथूनच सुरू झालंय.

परदेशी गेलेल्या मुलांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते, की घरी सांगायचं ते काहीतरी मोठं असायला हवं: नवं शहर, बर्फ, नोकरीची मुलाखत, फिरायला गेल्याचे फोटो. साधा दिवस सांगण्यालायक नाही असं वाटतं. आणि मोठ्या गोष्टींपैकी जी खरी आहे, ती नापास होण्याची, सांगायची नाही असं ठरलेलं. मग बोलायला उरतं काय? हवामान. रोजचा कॉल ही नुसती हजेरी होऊन बसते, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं आणि खाली बसायचं.

म्हणून कॉल रोज की आठवड्यातून एकदा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. गोव्यात घरापासून लांब राहून कमावण्याची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. मुंबईत गावागावांच्या कुडी (गावकऱ्यांची सामाईक राहण्याची घरं) होत्या, तिथे राहून माणसं बोटीवर चढायची, आखातात जायची. त्या काळी घरी पत्र महिन्यातून एखादं यायचं, पण त्यात जेवण, पगार, आजारपण, सोबत्यांची भांडणं, सगळं असायचं. माझ्या शेजारच्या घरातला मुलगा क्रूझवर आहे. समुद्रात असला की त्याचा फोन दिवसचे दिवस येत नाही. बंदराला लागला की तो आईला आठ-दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतो: आज कोणत्या देशाचे पाहुणे होते, कुणी काय मागितलं, त्याचा केबिनमधला सोबती झोपेत काय बडबडतो. त्याची आई तो पोळ्या लाटताना ऐकते, मग सून आली की पुन्हा लावते. त्या घरात तो लांब गेलाय असं कुणालाच वाटत नाही.

तेव्हा घरी असं सुचवून बघ. रोजचा कॉल बंद करूया असं म्हणू नकोस, ते आईला लागेल आणि तिला त्यात नको तो अर्थ दिसेल. त्याऐवजी रविवारचा एक मोठा कॉल आपणहून सुरू कर. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, तुलाही घाई नसते. सध्या तुझा दुपारचा दीड म्हणजे घरचे पाच, चहाची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की अंतर साडेतीन तासांचं साडेचार होईल, मग साडेबाराला करायचा. हे घड्याळाचं प्रकरण आईला आधीच नीट समजावून ठेव. नाहीतर एक दिवस कॉल तासभर उशिरा लागतो आणि घरी काळजी सुरू होते. बाकीच्या दिवशी जमेल तसा व्हॉइस मेसेज. आजीला व्हिडिओवर नीट ऐकू येत नाही असं तू लिहिलंयस, तिला तर हा मेसेज कानाशी धरून दोनदा ऐकता येईल. एकदा हे सुरू झालं की रात्री नऊचा कॉल आपोआप कमी होतो, कुणाला तो बंद करावा लागत नाही.

(हे वाचणाऱ्या आईवडिलांनाही एक विनंती आहे. 'जेवलास का' हे जरूर विचारा, त्यात माया आहे. पण त्यापुढे स्वतःच्या दिवसातलंही काही सांगा. कुणाच्या लग्नाची बोलणी फिसकटली, कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाण्याची पाळी कुणाची चुकली, गाय आटली. मुलं फक्त उत्तरं देऊन कंटाळतात, त्यांनाही ऐकायचं असतं.)

आता निकालाकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. बाकी सगळं तिच्याभोवती गुंडाळलेलं आहे.

तू लिहिलंस, "बाबांना सहन होणार नाही." हे तुला कसं कळलं? तुझ्याच पत्रात आहे की मध्यंतरी दोन वर्षं काजूचं पीक हातचं गेलं तेव्हा बाबांनी दुकानाचं काम वाढवून घर चालवलं आणि तुझी फी एकदाही थकू दिली नाही. ज्या माणसाने एवढं सोसलं त्याला एका विषयातलं नापास होणं झेपणार नाही, हे मला खरं वाटत नाही. झेपणार नाही ते वेगळंच आहे. तीन महिने मुलगी रोज समोर बसून 'यायचाय, यायचाय' म्हणत होती, हे त्यांना नंतर कळलं तर ते मात्र जड जाईल. तुला भीती निकालाची वाटतेय, पण दिवसागणिक वाढतेय ती लपवणुकीची थकबाकी.

आणखी एक गोष्ट मी स्पष्टच सांगते. कर्जाच्या कागदावर बाबा सहकर्जदार आहेत. त्या सहीमुळे तुझ्या अभ्यासक्रमाची प्रगती हा त्यांच्यासाठी प्रेमाचाच नव्हे, व्यवहाराचाही विषय आहे. पुढचा हप्ता देताना बऱ्याच बँका गुणपत्रिका मागतात. शाखेतल्या टेबलापलीकडच्या माणसाकडून त्यांना हे कळावं असं तुला नक्कीच वाटत नसेल. कर्ज बँकेचं असो की गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी योजनेतलं, ज्यांच्या सहीवर पैसे आलेत त्यांना खरी स्थिती माहीत असायलाच हवी. इथे मला दुसरी बाजू दिसत नाही.

सांगण्याआधी मात्र तयारी कर, कारण वडिलांचे पहिले प्रश्न भावनेचे नसतात. ते विचारतील: पुन्हा देता येते का? किती वेळा? जास्त वर्ष लागेल का? पैसे किती लागतील? याची उत्तरं तुझ्या विभागाच्या परीक्षा नियमावलीत आहेत, ती काढून वाच. जर्मनीत एका परीक्षेला मोजक्याच संधी मिळतात, बऱ्याच ठिकाणी एकूण तीन, आणि शेवटची हुकली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. म्हणजे पुढची संधी हलक्यात घेण्यासारखी नाही, पण आत्ता सगळं संपलंय असंही मुळीच नाही. पुनर्परीक्षेची नोंदणी आपोआप होते की स्वतः करायची असते, हे विद्यापीठागणिक बदलतं, ते आजच बघ. तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन उत्तरपत्रिका पाहायला माग. कुठे चुकलं हे समजलं की बाबांना सांगताना 'नापास झाले' या दोन शब्दांपुढे काहीतरी ठोस बोलता येईल. आणि तिकडे 1.0 सर्वात वरचा, 4.0 काठावर पास आणि 5.0 नापास, हेही आधीच समजावून दे, नाहीतर पाच आकडा ऐकून त्यांना बरंच वाटेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची पाळी तुझ्यावर येईल.

पैशांचा हिशोबही मांडून ठेव. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिना 992, दाखवावे लागतात, हे बाबांना ठाऊकच असेल, पैसे त्यांनीच भरलेत. एक सेमिस्टर वाढलं तर घरून किती लागतील आणि तुझ्या कामातून किती निघतील, हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. बोलताना आकडे निसटतात, कागद बाबा नंतर शांतपणे बघतील.

सांगायचं दोघांना एकदम. आईला आधी सांगून 'बाबांना इतक्यात सांगू नको' म्हणालीस तर तिच्या डोक्यावर तुझं ओझं जाईल, आणि रोज रात्री एकाच खोलीत बसून तिलाही खोटं वागावं लागेल. आपल्या घरांत हे फार होतं, आणि त्यात आयांची फरफट होते. रोजच्या कॉलमध्येही सांगू नकोस, तेव्हा आजी असते, कुणी शेजारी डोकावतं. आधी मेसेज कर: "शनिवारी तुम्हां दोघांशी अर्धा तास बोलायचं आहे, तब्येत ठीक आहे, काळजीचं नाही." शेवटचे शब्द विसरू नकोस, नाहीतर शनिवारपर्यंत त्यांना झोप लागणार नाही. मग सुरुवात सरळ कर: "बाबा, फेब्रुवारीत एका विषयात मी नापास झाले. निकाल मार्चमध्येच लागला होता, मी तुम्हांला सांगितलं नाही, ते चुकलं." एवढं झालं की थांब. बाबा गप्प बसले तर ती शांतता बडबडून भरायला जाऊ नकोस. रागावले तर रागावू दे, तो त्यांचा हक्क आहे. आई रडली तर फोन ठेवायची घाई करू नकोस.

सुपरमार्केटचं कामही त्याच बैठकीत सांगून टाक. इथे तुझा अंदाज मला सर्वात कच्चा वाटला. भाटकारी (जमीनदार) घरात 'आमची मुलगी दुकानात माल लावते' हे कमीपणाचं ठरेल, असं तुला वाटतंय. पण तुझ्याच गावात बोटीवर केबिन साफ करणाऱ्या, हंगामात हॉटेलात राबणाऱ्या मुलांची घरं आहेत, आणि त्यांच्या पैशांवर उभे राहिलेले बंगले सगळा गाव बघतो. हे काम कायद्यातही बसतं. मार्च 2024 पासून तिथे परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विचार करायचा तो वेगळ्या गोष्टीचा: त्या दोन संध्याकाळी परीक्षेच्या आधीच्या महिन्यात परवडतात का? परवडत नसतील तर तेवढ्या काळापुरतं कमी कर, आणि विभागात मदतनिसाच्या जागा खरंच निघतात का ते नोटीस बोर्डावर बघत राहा.

एकटं राहणं आवडतंय याबद्दल तुला इतकं अपराधी का वाटावं, यावर मी बराच विचार केला. आपल्या गावात मुलगी एकटी नदीकाठी बसली तर अर्ध्या तासात घरी निरोप पोचतो. बसणं वाईट म्हणून नव्हे, एकटं बसणारं माणूस दुःखी असणार असं आपण धरून चालतो म्हणून. तू जर्मनीतल्या नदीकाठी पहिल्यांदा कुणालाही उत्तर न देता बसलीस आणि तुला बरं वाटलं. यात घराचं काय गेलं? घर आवडणं आणि तिथली नदी आवडणं एकाच मनात राहू शकतं, तुझ्या पत्रात तर दोन्ही एकाच पानावर आहेत. तिथेच राहायचं का, हा प्रश्नही आज सोडवायचा नाही. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना मिळू शकतो. तोपर्यंत तुझं मत किती वेळा बदलेल कोण जाणे.

एका बाबतीत मात्र स्वतःकडे लक्ष ठेव. एकांत हवासा वाटणं वेगळं आणि माणसं नकोशी होणं वेगळं. पत्रात एक ओळ आहे, जानेवारीत दहा दिवस तू लेक्चरला गेली नाहीस आणि ब्रेडवर भागवलंस. डिसेंबर-जानेवारीत तिकडे दुपारी चारच्या सुमाराला अंधार व्हायला लागतो, आपल्याकडच्या माणसाला तो फार जड जातो, आणि परीक्षा बिघडण्यामागे तेही कारण असू शकतं. पुन्हा असं वाटलं, झोप उडाली, स्वयंपाक करावासा वाटेना, मेसेजना उत्तर द्यावंसं वाटेना, तर आठवडाभरही थांबू नकोस. तुझं हॉस्टेल आणि मेन्सा (विद्यापीठाची खानावळ) चालवणाऱ्या श्टुडिरेंडनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेकडे बहुतेक शहरांत समुपदेशक असतात, विद्यार्थ्यांना सहसा पैसे पडत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही बोलता येतं. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरमध्येच नाव घालून ठेव. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलेफोनझेलझोर्गे ही मोफत सेवा 0800 1110111 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मुख्यतः जर्मनमध्ये. हे क्रमांक परदेशात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरीही असावेत. ज्या देशात असाल तिथले शोधून फ्रीजवर चिकटवून ठेवा.

राहता राहिली चवथ. 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे. तुझं सेमिस्टर कागदोपत्री 30 सप्टेंबरपर्यंत असलं तरी लेक्चर जुलैत संपतात, त्यामुळे यायला वाट आहे. अडेल ती फक्त पुनर्परीक्षा, कारण काही विभाग ती सप्टेंबरमध्येच ठेवतात. तारीख कळेपर्यंत तिकीट काढू नकोस. तारीख मोकळी असली तर बाबांना सांग की अर्धं तिकीट माझ्या शेल्फच्या पैशांतून, आणि ये. दीड दिवसांचा गणपती असो की पाच दिवसांचा, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती म्हणायला घरात एक आवाज वाढलेला सगळ्यांना हवाच असतो. तारीख आड आली तर येत नाही हे आईला जुलैतच सांग. तिला नेवऱ्या (करंज्या) तुझ्यासाठी कुणाच्या हाती पाठवता येतील ते शोधायला वेळ मिळेल. ते तिला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायच्या आदल्या रात्री कळू देऊ नकोस.